पाहुण्याला कुलूप, कारभाऱ्याला मोकळं रान

(भिवंडीतल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)



समीक्षा म्हटलं की आपल्याला कथा, कादंबरी, नाटक आठवतं. आज मी एका फाईलची समीक्षा करणार आहे. उबंटू किंवा डेबियन लिनक्सच्या ज्या सर्व्हरवर लिबव्हर्ट वापरून व्हर्च्युअल मशीन चालवतात, तिथे ही फाईल सापडते. ॲपआर्मर नावाच्या संरक्षण यंत्रणेच्या फोल्डरमध्ये, लिबव्हर्टडी या सेवेच्या नावाने. छापली तर दोन-तीन पानं होतील. ती कोणी आवडीने वाचत नाही. पण ती नियमांची फाईल आहे, आणि नियम कोणासाठी कडक आहेत आणि कोणासाठी सैल, हे बघणं हे समीक्षेचंच काम आहे.

भिवंडीत हा विषय कशाला, असं कोणी विचारेल. साधं उत्तर आहे. आपल्याकडे माणकोली, काल्हेर, राहनाळ, दापोडे, पूर्णा या पट्ट्यात गोडाऊनच गोडाऊन आहेत. गावात लूम आहेत, सुताचे व्यापारी आहेत, ट्रान्सपोर्टवाले आहेत. २०१८ पासून ई-वे बिल आलं, जीएसटीची बिलं आली, आणि हिशोबाची वही संगणकावर गेली. तो संगणक आता पुष्कळांच्या दुकानात नसतो. महिन्याच्या भाड्याने घेतलेला असतो. ऐरोलीत असेल, महापेला असेल, पनवेलला असेल, नाहीतर आणखी कुठे. आणि भाड्याने मिळतं ते अख्खं मशीन नसतं. एका मोठ्या मशीनचे दहा-वीस-तीस तुकडे केलेले असतात, त्यातला एक तुकडा आपला. त्यालाच आपण व्हर्च्युअल मशीन म्हणतो. शेजारच्या तुकड्यात कोण बसलंय, हे आपल्याला माहीत नसतं.

म्हणजे बघा, हे आपल्या गोडाऊनच्या कंपाउंडसारखंच झालं. एक कंपाउंड, आत गाळे, प्रत्येक गाळ्याचा भाडेकरू वेगळा. आणि सगळ्या गाळ्यांचा व्यवहार बघणारा एक कारभारी. नवा गाळा उघडून देणं, वीज जोडणं, माल ठेवायला जागा दाखवणं, भाडेकरू गेला की गाळा रिकामा करणं, ही त्याची कामं. आपल्या गोष्टीत हा कारभारी म्हणजे लिबव्हर्टडी. पडद्यामागे सतत चालणारी सेवा. अशा सेवेला लिनक्सवाले डीमन म्हणतात. प्रत्येक गाळा म्हणजे क्यूईएमयू या प्रोग्रामची एकेक प्रक्रिया. इंग्रजीत व्हर्च्युअल मशीनला 'गेस्ट' म्हणतात, म्हणजे पाहुणा. आजच्या व्याख्यानाच्या नावातला पाहुणा तो हाच.

आता कुलपाचा विचार करू. लिनक्समध्ये जुनी, नेहमीची पद्धत अशी की फाईल ज्याची, परवानगी द्यायचा अधिकार त्याचा. गाळा माझा, चावी मी कोणालाही देईन. या पद्धतीत एक अडचण आहे. साधारणपणे सगळ्या क्यूईएमयू प्रक्रिया एकाच वापरकर्त्याच्या नावाने चालतात. म्हणजे कंपाउंडमधल्या सगळ्या भाडेकरूंच्या ओळखपत्रावर एकच नाव छापलंय! मग वॉचमन अडवणार कोणाला? एका गाळ्यातला माणूस दुसऱ्या गाळ्यात शिरला तर कागदोपत्री तो आपल्याच गाळ्यात शिरला.

म्हणून दुसरी पद्धत लागते, सक्तीचं प्रवेशनियंत्रण. तिच्यात नियम मालकाच्या मर्जीवर नसतो, कंपाउंडचा असतो. तुम्ही चावी दिलीत तरी गेटवरचा नियम नाही म्हणत असेल तर माल हलणार नाही. लिनक्समध्ये या पद्धतीची दोन मोठी घराणी आहेत. एक एसईलिनक्स. अमेरिकेच्या एनएसए या संस्थेने ते २००० च्या डिसेंबरात खुलं केलं, आणि आज ते रेड हॅट आणि फेडोराच्या कुटुंबात नांदतं. दुसरं ॲपआर्मर, जे उबंटू आणि डेबियनकडे असतं. एसईलिनक्स प्रत्येक वस्तूवर आणि प्रत्येक प्रक्रियेवर लेबल चिकटवतं, आणि कोणत्या लेबलने कोणत्या लेबलला हात लावायचा ते ठरवतं. ॲपआर्मर फाईलचा पत्ता बघतं: अमुक प्रोग्रामने अमुक वाटेवरच्या फायली उघडायच्या, बाकीच्या नाही.

२००९ साली लिबव्हर्टमध्ये एसव्हर्ट नावाची सोय आली आणि त्याच वर्षीच्या फेडोरा ११ मध्ये ती लोकांच्या हातात पडली. कल्पना फार देखणी आहे. मशीन सुरू होताना कारभारी त्याला दोन आकड्यांची एक जोडी देतो. ० ते १०२३ यांतले कुठलेही दोन. तीच जोडी त्या मशीनच्या डिस्कच्या फाईलवर चिकटवतो. जोडी जुळली तर दार उघडेल, नाहीतर नाही. १०२४ आकड्यांतून दोन-दोनच्या ५,२३,७७६ जोड्या होतात, तेव्हा एका होस्टवर जोड्या संपायची चिंता नाही. ओळखपत्रावर नाव एकच राहिलं, पण आता प्रत्येकाच्या छातीवर वेगळा बिल्ला आला. त्याच वर्षी ॲपआर्मरवाल्यांनीही आपली तोड काढली. मशीन सुरू होताना एक छोटा मदतनीस प्रोग्राम त्या मशीनपुरती वेगळी नियमांची फाईल लिहितो. तिच्यात त्याच मशीनच्या डिस्कची नावं असतात, शेजाऱ्याच्या डिस्कचं नाव नसतं.

याचा उपयोग होतो का? २०१५ च्या मे महिन्यात व्हेनम नावाची चूक उघड झाली. क्यूईएमयूमध्ये जुन्या फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करणारा भाग आहे, त्यात ती २००४ पासून होती. फ्लॉपी कोण वापरतंय आता! पण तो कोड जागेवर होता, आणि त्यातून पाहुणा आपल्या मशीनच्या बाहेर, क्यूईएमयूच्या प्रक्रियेत उडी मारू शकत होता. जिथे बिल्ले लावलेले आणि तपासले जात होते, तिथे उडी मारून तो पोचला असता एका बंद खोलीत. जिथे बिल्ले नव्हते, तिथे शेजाऱ्याच्या डिस्कपर्यंत वाट मोकळी होती. पाहुण्याला कुलूप लावणं हे काम चांगलं झालं आहे, हे मी आधीच कबूल करतो.

आता कारभाऱ्याची फाईल उघडू.

ही फाईल प्रामाणिक आहे. तिच्यातच लिहिणाऱ्यांनी एक टीप ठेवली आहे. तिचा आशय असा, की ही नियमावली मुद्दाम फार सैल ठेवली आहे, कारण आधी पाहुण्यांना बांधायचं आहे. त्या 'आधी'नंतरचं 'मग' कधी येणार, हा माझा पहिला प्रश्न आहे. २००९ पासून पाहुण्यांचे नियम घट्ट होत गेले, कारभाऱ्याची ती टीप मात्र वर्षानुवर्षं तशीच. तात्पुरती म्हणून ठोकलेली पत्र्याची शेड पंधरा वर्षं उभी राहते, हे भिवंडीकरांना मी काय सांगायचं?

टिपेच्या वर अधिकारांची यादी आहे. कारभारी मुळात रूट म्हणून चालतो, आणि त्या रूटचे कोणते अधिकार त्याच्याकडे ठेवायचे ते इथे लिहिलंय. त्यात होस्टचं व्यवस्थापन आहे, दुसऱ्या प्रक्रियेच्या आत डोकावणं आहे, आणि कर्नलमध्ये नवं मॉड्यूल चढवणंही आहे. हा शेवटचा अधिकार जरा नीट बघा. कर्नल म्हणजे नियम पाळायला लावणारा तोच. ज्याला कर्नलमध्ये आपला कोड घालता येतो, त्याला कुठलाच नियम लागू राहत नाही. वॉचमनची नेमणूक करायचा अधिकारच ज्याच्या हातात, त्याला वॉचमन काय अडवणार?

पुढची ओळ फायलींची. मुळापासून खाली, सगळ्या फोल्डरमधल्या सगळ्या फायलींसाठी पाच अक्षरं लिहिलीत: आर, डब्ल्यू, एम, के, एल. वाचा, लिहा, स्मृतीत चढवा, कुलूप लावा, दुवा जोडा. म्हणजे होस्टवरची कोणतीही फाईल. आपल्या सुताच्या व्यापाऱ्याची डिस्कही त्यात आली. त्यानंतर प्रोग्राम चालवण्याचे नियम. प्रोग्रामांच्या नेहमीच्या फोल्डरमधलं काहीही चालवा. त्या प्रोग्रामची स्वतःची नियमावली असेल तर ती लागू, नसेल तर तो मोकळा! म्हणजे कारभाऱ्याने स्वतः गेटमधून जायचं नाही, पण ज्या हमालाचा गेटपास कधी बनलाच नाही त्याला बिनधास्त पाठवायचं.

एक जागा मात्र कडक आहे. पाहुण्यांचे नियम कारभाऱ्याने थेट लिहू नयेत, ते मदतनीस प्रोग्रामकडूनच लिहून घ्यावेत, अशी स्पष्ट मनाई आहे. विचार योग्य आहे. ज्याचा व्यवहार, त्यानेच त्याचा नियम लिहू नये. पण आत्ताच आपण पाहिलं, की मोकळा सुटणारा प्रोग्राम चालवायची त्याला मुभा आहे. साध्या फाईल-कॉपीच्या प्रोग्रामला हाताशी धरून तीच फाईल बदलता येईल. दारावर 'प्रवेश बंद'ची पाटी, आणि मागची भिंत पाडलेली.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, मग ही फाईल फेकून द्यावी. थांबा. समीक्षकाने चांगलं दिसलं तर तेही सांगावं. एका खऱ्या प्रसंगावर तपासून बघू.

२०१९ च्या जूनमध्ये लिबव्हर्टमधल्या काही चुका एकत्र जाहीर झाल्या. त्यातली एक सीव्हीई-२०१९-१०१६७. लिबव्हर्टशी बोलायचे दोन मार्ग असतात, पूर्ण अधिकाराचा आणि फक्त बघण्याचा. फक्त बघणाऱ्याने एक साधा प्रश्न विचारायचा: अमुक एम्युलेटर प्रोग्रामला काय-काय जमतं? आणि त्या एम्युलेटरचा पत्ता म्हणून आपणच बनवलेल्या प्रोग्रामचा पत्ता द्यायचा. बिचारा कारभारी उत्तर शोधायला तो प्रोग्राम स्वतःच्या अधिकाराने चालवून बघायचा. म्हणजे चौकशीच्या खिडकीशी उभं राहून माणूस तिजोरीपर्यंत पोचला.

आता ती पाच अक्षरं पुन्हा आठवा. आर, डब्ल्यू, एम, के, एल. यात एक्स नाही. एक्स म्हणजे चालवणं. नियमांच्या अक्षरांप्रमाणे पाहिलं तर कोणाच्या घरच्या किंवा तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवलेला उपरा प्रोग्राम चालवायची परवानगी या सैल फाईलमध्येही नाही. कारभाऱ्याला असं फसवणं इथे अडलं असतं. दुसऱ्या घराण्यात, म्हणजे रेड हॅट-फेडोराच्या एसईलिनक्समध्ये, या सेवेचं लेबल व्हर्टडी-टी. वेगळं लेबल दिसलं की वाटतं बंदोबस्त झाला. पण त्या लेबलला वर्षानुवर्षं 'बंधनमुक्त' गटाची सवलत दिलेली होती. बिल्ला आहे, पण त्यावर लिहिलंय: यांना अडवू नये. तेव्हा या एका कसोटीवर सैल म्हणून हसलेली ॲपआर्मरची फाईल उजवी ठरते.

म्हणून मी दोन प्रकार वेगळे ठेवतो. कारभाऱ्याला फसवणं एक, आणि कारभारी ताब्यात घेणं दुसरं. फसवणुकीपुढे सैल नियमही थोडे टिकतात. ताबा गेला की या दोन्ही नियमावल्या कागदाच्या. आणि ताबा जाऊ शकतो का? कारभारी भाडेकरूंशी रोज बोलतो. क्यूईएमयू त्याला उत्तरं पाठवतो आणि तो ती वाचतो. २०१८ ची सीव्हीई-२०१८-५७४८ ही चूक तिथलीच. क्यूईएमयूने प्रचंड लांब उत्तर पाठवलं की लिबव्हर्ट ते गिळत बसायचं आणि स्मृती खाऊन टाकायचं. ती फक्त सेवा बंद पाडणारी चूक होती, ताबा घेणारी नव्हती. पण बंद खोलीतल्या पाहुण्याला कारभाऱ्याशी बोलायची खिडकी आहे, हे तिने दाखवून दिलं.

आता दुसरी बाजू. नियम लिहिणारे काही आळशी नव्हेत. कारभाऱ्याच्या कामांची यादी बघा: कुठल्याही फोल्डरमधली डिस्क उघडायची, नेटवर्कचा पूल बांधायचा, फायरवॉलचे नियम टाकायचे, ग्राफिक्स कार्ड काढून पाहुण्याला द्यायचं, स्टोरेज जोडायचं. या सगळ्याला पुरेल एवढा अधिकार दिला की उरतं काय? आणि घट्ट केलं की आठवड्यातून दोनदा कोणाचं तरी मशीन सुरू होत नाही. मग तो ॲडमिन काय करतो? एसईलिनक्स असेल तर 'सेटएनफोर्स' पुढे शून्य लिहितो आणि सगळंच संरक्षण झोपवतो. किंवा 'ऑडिट-टू-अलाउ' चालवतो: जे-जे अडलं ते-ते मान्य करून टाकणारं साधन. त्याने केलेला नियम म्हणजे जकात नाक्यावर अडलेल्या प्रत्येक ट्रकला कायमचा पास देणं. अति घट्ट नियमाचा शेवट बहुतेक वेळा नियमच नसण्यात होतो. सैल ठेवणाऱ्यांनी हे ओळखलं होतं, आणि त्यांचा हा मुद्दा मला पटतो.

पण म्हणून सैलपणा हेच उत्तर, हे पटत नाही. माझं म्हणणं असं आहे. एवढ्या मोठ्या सेवेला चांगली नियमावली लिहिताच येत नाही. दोष नियमाच्या भाषेचा नाही, कामाच्या वाटणीचा आहे. एकाच माणसाच्या हातात सगळ्या चाव्यांचा जुडगा दिलात तर त्याला कितीही अटी घाला, अटी वाकणारच. आधी चाव्या वाटा, मग प्रत्येकाला नियम लावा.

आणि हे होतं आहे. २०१५ च्या अखेरीस लिबव्हर्टमध्ये व्हर्टलॉगडी ही छोटी सेवा आली. तिचं काम एकच: मशीनच्या नोंदी घ्यायच्या आणि लॉगच्या फाईलमध्ये लिहायच्या, फाईल वाढली की बदलायची. तिच्यासाठी नियम लिहायला बसा, अर्ध्या पानात संपतो. लॉगच्या फोल्डरमध्ये लिही, बाकी कशाला हात लावू नकोस. ज्याचं काम एका वाक्यात सांगता येतं, त्याची नियमावली खरी असू शकते. २०१९ पासून अख्खा लिबव्हर्टडीच असा विभागायला घेतला: मशीन चालवणारा व्हर्टक्यूईएमयूडी, नेटवर्क बघणारा व्हर्टनेटवर्कडी, साठवण सांभाळणारा व्हर्टस्टोरेजडी, आणखी काही. फेडोरा ३५ मध्ये, म्हणजे २०२१ साली, ही पद्धत नेहमीची झाली, आणि २०२२ मध्ये रेड हॅटच्या नवव्या आवृत्तीत आली. मात्र सेवा विभागली म्हणून नियम आपोआप घट्ट होत नाहीत. जुनीच सैल नियमावली सात जणांना वाटली, तर एका मोकळ्या कारभाऱ्याऐवजी सात मोकळे कारभारी होतील. विभागणी ही पहिली पायरी. दुसरी पायरी प्रत्येक तुकड्याचा नियम नव्याने लिहिण्याची, आणि ती कंटाळवाणी आहे, म्हणून मागे पडते.

याचं मोल कोण चुकवतं? २०२२ च्या एप्रिलमधले सर्ट-इनचे निर्देश म्हणतात, घटना घडली की ६ तासांत कळवा आणि नोंदी १८० दिवस ठेवा. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाजवी सुरक्षा न ठेवणाऱ्याला २५० कोटींपर्यंत दंड सांगतो. पण वाजवी म्हणजे काय? होस्टवर एसईलिनक्स आहे, असं टेंडरमध्ये लिहिलेलं असतं. ते जागं आहे की झोपवलंय, कारभाऱ्याला लागू आहे की फक्त पाहुण्यांना, हे कोणी विचारत नाही. आणि चोरी झाली तर ज्याच्या गिऱ्हाइकांची यादी गेली तो छोटा व्यापारी रस्त्यावर येतो. नियमाची फाईल लिहिणारा त्याला ओळखतही नसतो.

इथे थांबतो. एक प्रश्न आला आहे, तो घेतो.

प्रश्न: सर, आम्ही फक्त भाडेकरू. होस्टला तर हात लावता येत नाही. मग आम्ही काय करायचं?

चांगला प्रश्न. हात लावता येत नाही, पण विचारता येतं. तीन गोष्टी लेखी विचारा. पहिली: होस्टवर एसईलिनक्स किंवा ॲपआर्मर नियम खरोखर अडवतं आहे, की नुसती नोंद करून सोडून देतं? दुसरी: लिबव्हर्टच्या क्यूईएमयू सेटिंगमध्ये 'सिक्युरिटी रिक्वायर कन्फाइन्ड' नावाची ओळ आहे. ती मुळात बंद असते. बंद असताना बिल्ल्याशिवायचं मशीनही बिनबोभाट सुरू होऊ शकतं. चालू केली की बिल्ला नसलेलं मशीन सुरूच होत नाही. ती चालू आहे का? तिसरी: लिबव्हर्टची सेवा एकसंध आहे की विभागलेली, आणि तिला स्वतःला कोणती नियमावली लागू आहे? पहिल्या दोन प्रश्नांना बरा पुरवठादार पटकन उत्तर देईल. तिसऱ्याला उत्तर येईपर्यंत थोडा वेळ जाईल, कारण कोणीतरी ती फाईल पहिल्यांदाच उघडून वाचेल. आणि ज्यांचा स्वतःचा सर्व्हर आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर 'पीएस' या आज्ञेला मोठा झेड जोडून बघा. प्रत्येक क्यूईएमयूपुढे लेबल दिसेल. दोन मशीनच्या शेवटच्या आकड्यांची जोडी वेगळी असेल तर पाहुण्यांचं काम बरं चाललंय. मग त्याच यादीत कारभाऱ्याची ओळ शोधा, आणि त्याच्या लेबलवर काय लिहिलंय ते वाचा.